पाठ असलेली शेकोटी

२७ नोव्हेंबर २०१८, मंगळवार

तड्. तड्तड्. मग एक बारीक शीळ, आणि पुन्हा तड्.

तुराट्या पेटल्या की असा आवाज येतो. मी पाच-सहा वर्षांचा असेन. कुणाच्यातरी शेतात मेंढरं बसवलेली, मी बापाच्या घोंगडीत. डोळे उघडायच्या आधी कानांना कळायचं की माय उठली, तिनं राखेतला निखारा फुंकला, आता दिवस सुरू झाला. पुढं चाळीस वर्षं पोरांना कविता शिकवल्या, पण त्या आवाजाइतकी तालात चालणारी ओळ मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

आज पहाटे तोच आवाज ऐकून मी उठून बसलो. कपाळाला खोकं लागलं तेव्हा कळलं, मी औरंगाबादेत आहे. बीड बायपास, पाचवा मजला, धाकट्या अजिनाथचा फ्लॅट. हॉलमध्ये तो उकिडवा बसून एका डबीचं बटण दाबत होता.

"आप्पा, चौथा मॉड्यूल आला! साउंड! ऐका, जंगलात बसल्यासारखं वाटतंय का नाही?"

"कुठल्या जंगलात?"

"कुठल्या म्हणजे... जंगलात."

दसऱ्यानंतर डोळ्याच्या ऑपरेशनला आलो होतो. दिवाळीला परत जायचं ठरलं होतं. डोळा बरा झाला, दिवाळी झाली, आणि मी इथंच आहे. अजिनाथनं विजेच्या शेकोट्यांचा धंदा काढलाय. वाळूजच्या कंपनीत माणसं कमी करताहेत, त्याचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून नोकरी आहे तोवर हे उभं करायचं, असं त्याचं चाललंय. शेकोटी खोक्यांतून सुटी येते: पाठीचा खण, गरम हवेचा खण, ज्वाळांचा खण, आता हा आवाजाचा. ज्याची त्यानं घरी जोडायची. सुतार नको, मिस्त्री नको, एक वाकडी किल्ली पुरते. सगळी खोकी माझ्या खोलीत. खिडकी बुजली. माझा पलंग मधल्या फटीत आहे, कुशीवर वळायचं तर आधी विचार करावा लागतो.

अजिनाथ शिफ्टला जातो, सून शीला दवाखान्यात केसपेपर काढते. बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला दार उघडायला घरात कोणीतरी लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी.

२ डिसेंबर, रविवार

आज माझ्यामुळं एक शेकोटी विकली गेली. लिहितानाही हसू येतंय.

रिटायर झालेलं एक जोडपं आलं होतं. अजिनाथ त्यांना वॉट सांगत होता, वॉरंटी सांगत होता. बाई जांभई देत होत्या. मी सहज म्हणालो, "आमच्याकडं शेकोटीपाशी कोडी घालायचे. ज्याला उत्तर येत नाही त्यानं सरपण आणायचं." बाई सावरून बसल्या. मग मी माघातल्या रात्री सांगितल्या, राखेत भाजलेली रताळी सांगितली, लहानपणी पाठ केलेली एक कविता चालीवर म्हणून दाखवली. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "घेऊन टाकू."

अजिनाथ नंतर माझे पाय दाबत बसला. लग्न झाल्यापासून त्यानं माझे पाय दाबले नव्हते.

त्यानं धंद्याला नाव दिलंय 'शेकोटी'. मी म्हणालो, "बाबा, नाव चुकलं. शेकोटीला पाठ नसते. चहूकडून माणसं बसतात, एकमेकांची तोंडं बघतात. ह्याला एकच बाजू. सगळ्यांनी एकीकडं तोंड करून बसायचं, सिनेमासारखं."

"आप्पा, फ्लॅटला भिंत असते. रान नसतं."

मुलगा हुशार आहे.

चंपाषष्ठीला मला गावी सोडतो म्हणाला.

६ डिसेंबर, गुरुवार

दिवेलागणीला बायकोशी, बानाबाईशी फोनवर बोललो. ती गावी थोरल्यापाशी, भारतपाशी असते. कन्नडच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी आमची वस्ती आहे. भारत शिकला नाही, बापजाद्यांची मेंढरं त्यानं सांभाळली. बानाबाईचा जीवही त्या मेंढरांच्या खांडातच. अजिनाथच्या वास्तुशांतीलाही ती आली नव्हती, मेंढ्या विणार होत्या म्हणून. "पाच मजले वर माझा जीव ऱ्हाणार नाय," असं तिनं तेव्हाच सांगून टाकलंय. त्यामुळं म्हातारा-म्हातारीची आपोआप वाटणी झाली.

"कसं काय चाललंय?"

"लई बरंय. तुमी तिकडंच ऱ्हावा. डोळ्याला धूळ नको."

"पाणी?"

"टँकर येतोय."

"रोज?"

"येतोय की."

"मेंढरं कुठायत? आवाज येईना."

"चरायला गेलीत."

दिवेलागणीला चरायला? भारत खांड घेऊन घाटाखाली उतरला असेल. यंदा वर गवताची काडी नाही. गुरांच्या छावणीचं तरी लोक बोलतात, मेंढरांना कोण विचारतो. भारत कष्टाळू आहे, काढील वाट.

"चंपाषष्ठीला येतोय," मी म्हणालो.

"आता कशाला दगदग," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. तिला फोन कानाला धरायचा कंटाळा येतो.

१३ डिसेंबर, गुरुवार, चंपाषष्ठी

गेलो नाही. आणि हातून जे घडलं ते लिहायलाही लाज वाटते.

सकाळी पिशवी भरली होती. अजिनाथ म्हणाला, "आप्पा, आजचा दिवस थांबा. मोतीराम शेठ येणारेत संध्याकाळी. त्यांची मोठी स्कीम उभी राहतेय, प्रत्येक फ्लॅटमध्ये आपली शेकोटी बसवायचं त्यांच्या मनात आहे. हे जमलं तर कंपनीनं काढलं तरी फिकीर नाही." त्याच्या डोळ्यांखाली काळं आलंय. मी पिशवी ठेवून दिली.

शेठ आले. देवाचा दिवस म्हणून शीलानं वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी केली होती, शेठही जेवायला बसले. समोर विजेची शेकोटी चालू. आत दिवा असतो, त्यापुढं चकाकत्या पट्ट्यांची एक दांडी फिरते आणि पांढऱ्या काचेवर ज्वाळा नाचतात. लाकडंही खोटी. पण अंधार केला की फसायला होतं. मी शेठना आमच्या खंडोबाच्या यात्रेचं सांगत होतो. बोलता बोलता मन माळावर गेलं. समोर विस्तव, हातात भाकरी. मी पहिला तुकडा मोडला, भरीत लावलं, तुपात बुडवला आणि विस्तवाला घातला.

आमच्यात पहिला घास विस्तवाचा. तो न देता जेवलं तर रात्री खांडावर लांडगा येतो.

चर्र झालं. घास खोट्या लाकडांच्या फटीतून आत गेला. तुपाचा धूर आला, दांडी थांबली, ज्वाळा विझल्या, आणि सगळ्या घराची लाईट गेली.

अंधारात अजिनाथचा आवाज आला, "आप्पाऽ!" लहानपणी विहिरीत पडला होता तेव्हा अशीच हाक मारली होती.

लाईट आली. अजिनाथ हात जोडून उभा. "शेठ, चुकून झालं. वय झालंय त्यांचं."

मी मनात म्हटलं, चला, एक बरं झालं. आता हा मला ह्या वस्तूजवळ फिरकू देणार नाही. उद्याची कन्नडची गाडी नक्की.

पण मोतीराम शेठ मांडी थोपटत हसत होते. "अरे अजिनाथ, हीटर तर शहागंजात पण भेटतो. ये बाबा कहाँ भेटेगा? पहिला घास आगीला! वा! मेरे सॅम्पल फ्लॅटमध्ये हेच पाहिजे. हेच बाबा, हाच घास."

१४ डिसेंबर, शुक्रवार

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सॅम्पल फ्लॅट उघडणार. तोवर थांबायचं. अजिनाथ म्हणाला, "आप्पा, तुम्हीच माझी जाहिरात."

स्वयंपाकघरातून शीलाचं बोलणं कानावर आलं. "सांगून टाका ना मामांना. आज ना उद्या कळेलच." अजिनाथ म्हणाला, "रविवार होऊ दे, मग बघू." काय सांगायचं ते कळलं नाही. बहुतेक त्या जळालेल्या भागाची किंमत. पोरीनं मन मोठं ठेवावं, मी काही मुद्दाम केलं नव्हतं.

१९ डिसेंबर, बुधवार

थंडी चांगलीच पडलीय. वॉचमन फकिरा खाली गेटपाशी पत्र्याच्या डब्यात जाळ करतो. बांधकामाच्या फळ्या, नारळाच्या करवंट्या, मिळेल ते. मी संध्याकाळी लिफ्टनं उतरून त्याच्यापाशी बसू लागलो होतो. तो वैजापूरकडचा. दोन एकर आहेत, विहीर कोरडी पडली म्हणून इकडं आला.

"गुर्जी, तुमच्या घरात तर लाईटीची आग हाय म्हनं."

"आहे."

"मंग हितं धूर खायला का येता?"

"ती बोलत नाही."

फकिरा हसला. "मपली बायकू बी बोलत नाय, म्हनून का मी दुसरीकडं बसू?"

बरं वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी समोर बसून थट्टा केली.

आज अजिनाथनं ते पाहिलं. वर आल्यावर म्हणाला, "आप्पा, इथलीच दोन गिऱ्हाइकं आहेत आपली. शेकोटीवाल्याचा बाप वॉचमनच्या डब्यापाशी शेकतोय, काय म्हणतील?" रागावून नाही बोलला. तो रागावतच नाही, तेच अवघड आहे. रागावला असता तर भांडून निघून गेलो असतो.

आता खाली जात नाही. खिडकीतूनही डबा दिसत नाही, खोकी आहेत.

२४ डिसेंबर, सोमवार

आज फार आनंदात आहे!

झालं असं की मी अजिनाथला म्हणालो, तुझ्या डबीतला आवाज आपल्याकडचा नाही. ओलसर, जाड, परदेशी लाकूड जळतंय त्यात. तुराटी अशी बोलत नाही. बाभळही नाही. बाभूळ आधी गप्प बसते, मग एकदाच ठक् करते, चिडलेल्या हेडमास्तरसारखी. तुराटी म्हणजे पहिलीचा वर्ग. अजिनाथ ऐकत राहिला. मग उडालाच. "आप्पा! आपल्या मातीचा आवाज! हे कुणाकडंच नाही!"

म्हणजे कुणीतरी गावी जाऊन खरा जाळ करून त्याचा आवाज मोबाईलमध्ये धरून आणायला हवा. आणि कुठलं लाकूड कसं बोलतं ते मलाच कळतं. मी म्हणालो, "मी जातो." तो म्हणाला, "बघतो."

बघतो म्हणाला. नाही म्हणाला नाही. मी पिशवीत दोन सदरे आणि बानाबाईसाठी गुडघ्याचं तेल ठेवलंय. वस्तीवर गेलो की आधी वाडग्यात जाणार, मेंढरांत उभा राहणार. त्यांच्या अंगाची ऊब आणि तो उग्र वास. त्यावर कविता का नाही कुणी केली? करायला हवी.

२७ डिसेंबर, गुरुवार

अजिनाथनं भारतला फोन केला, भारतनं जाळ करून आवाज पाठवला. मोबाईलवरून. काम झालं. मला जायची गरज उरली नाही.

पिशवी रिकामी केली. तेल कपाटात ठेवलं.

संध्याकाळी तिघं ऐकायला बसलो. सुरुवातीला पाचोळा पेटल्याचा आवाज, मग जाळ लागला. मी डोळे मिटले. तुराट्या नव्हत्याच. ठक्. बऱ्याच वेळानं पुन्हा ठक्. बाभूळ, आणि जुनी, वाळून दगड झालेली. आणि मधूनमधून एक बारीक चुर्र, चुर्र. फोडणीत काहीतरी टाकल्यासारखं.

तो चुर्र मला चांगला ठाऊक आहे. वाडग्याच्या मेढींना, त्या उभ्या खांबांना, मेंढरं वर्षानुवर्षं अंग घासतात. लोकरीचं तेल लाकडात मुरतं, मेढी काळ्या, गुळगुळीत होतात. तसली मेढ जाळात पडली तरच असा आवाज येतो. बापानं एकदा मोडकी मेढ जाळली होती तेव्हा ऐकला होता.

मी म्हणालो, "भारतनं वाडग्याची मेढ जाळली. बदलली असेल. एकच नाही दिसत, दोन-तीन तरी असाव्यात. नवीन घालायला लाकूड कुठून आणलं ह्यानं दुष्काळात?"

शीला पदर तोंडाला लावून आत गेली. तिला सर्दी झालीय.

शेवटी बानाबाई खोकली आणि म्हणाली, "पुरं झालं का रं? बंद कर." तिच्यानंतर एकदम शांत. कुत्रं नाही, कोकरू नाही. भारतनं फारच बेताचा आवाज धरलाय, इतर काही येऊ दिलं नाही. शिकला असता तर इंजिनिअर झाला असता.

अजिनाथनं खोकला कापला आणि बाकी सगळं डबीत भरलं. मी म्हणालो, खोकला राहू दे. तो म्हणाला, "आप्पा, गिऱ्हाइकाला खोकला कशाला?"

५ जानेवारी २०१९, शनिवार

दिवसभर डबी चालू असते. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं तेव्हा पिंपं भरायच्या गडबडीत तिच्याकडं लक्ष नव्हतं, तेवढंच.

आज चाचणी झाली. अजिनाथनं पाचवा खण करून आणलाय: खोट्या लाकडांच्या मध्ये स्टीलची छोटी वाटी. घास त्या वाटीत पडतो, आत काही जात नाही, वाटी काढून धुता येते. खोक्यावर छापलंय, 'पहिल्या घासाची सोय'. डोकं आहे पोराचं.

माझ्यासाठी नवी घोंगडी, लाल फेटा आणि काठी आणलीय. मी चाळीस वर्षं पांढरा सदरा आणि टोपी घातली. फेटा बापाचा. मी शिकलो तेव्हा बाप म्हणाला होता, "मुंजाबा, तुझ्या डोईवरचं वझं उतरलं." आता पोरानं प्रेमानं पुन्हा चढवलंय. आरशात बघितलं तर बापच उभा होता, पण बापाच्या चेहऱ्यावर असा गोंधळ कधी नव्हता.

दुपारी पलंगावर पडल्या पडल्या दोन ओळी जुळल्या. कित्येक वर्षांनी भुजंगप्रयातात बसल्या:

धुराचा तुला वास नाही जराही,
निखारा तुझा नेत कोणीच नाही.

पुढं सुचेना. शीलाला म्हणून दाखवल्या. ती म्हणाली, "मामा, निखारा नेणं म्हणजे?" मी सांगितलं, पूर्वी सकाळी चूल विझलेली असली की शेजारीण पळीत आपला निखारा न्यायची. काडेपेटी असली तरी न्यायची. तिनं मान हलवली. मग माझा हात धरून म्हणाली, "मामा, गावाकडं आता काय ठेवलंय हो," आणि लगेच, "म्हणजे, थंडी आहे ना तिकडं." इथल्या पोरींना थंडीचं फार.

अजिनाथ गॅलरीत फोनवर बोलत होता. "शेठ, तेवढं वॉचमनचं नक्की ना? खोली पण मिळेल ना साईटवर?" फकिराची सोय लावतोय वाटतं. मी मनात त्याला कठोर म्हणत होतो, ते चुकलं.

१३ जानेवारी, रविवार

थकलोय, पण लिहिलं पाहिजे.

सॅम्पल फ्लॅट सातव्या मजल्यावर. सगळं नवं, प्लॅस्टिक न काढलेलं. पडदे लावून दिवसा अंधार केलेला. मी फेटा-घोंगडीत, समोर शेकोटी, डबीतून भारतनं जाळलेल्या मेढी ठक् करताहेत, चुर्र करताहेत. लोक येत, चप्पल बाहेर काढत, एका ओळीत बसत, शेकोटीकडं तोंड करून. शेठ खूण करत. मी भाकरीचा तुकडा मोडायचा, विस्तवाला घालायचा. पोरं टाळ्या वाजवत. एका बाईनं विचारलं, "बाबांना सर्व्हिंगला ठेवलंय का?" वाटी भरली की एक पोरगी ती नेऊन रिकामी करी, केराच्या डब्यात.

पहिल्यांदा घास घातला तेव्हा हात जोडले गेले. नंतर हात जोडायचं राहिलं. दुपारनंतर शेठनं कानात येऊन सांगितलं, "बाबा, हात जोडा ना, मजा येते." मग जोडले.

माय घास घालायची तेव्हा आम्ही पोरं श्वास धरून बसायचो. पुटपुटत काय म्हणायची ती? "राखणदारा, जागा ऱ्हा." आज मी ते शब्द मनात आणायला गेलो आणि मला ते चुकीच्या वेळी आठवल्यासारखं झालं. खाल्लेल्या अन्नाची चव गेल्यावर मीठ आठवावं तसं.

संध्याकाळी शेठ खूष. बरेच फ्लॅट ठरले म्हणे. अजिनाथनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. तो रडत होता. नोकरी जायच्या धास्तीनं वाळलाय पोरगा. आता सुटेल. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "आता उद्या मला कन्नडच्या गाडीत बसवून दे."

तो वर बघेना. "आप्पा, शेठची दुसरी साईट आहे. पाडव्याला ओपनिंग."

"म्हणजे पाडव्यापर्यंत?"

"पाडव्यापर्यंतच."

कुणी दाराला कुलूप लावलेलं नाही. कुणी उपाशी ठेवलेलं नाही. सगळे प्रेम करतात. दिवाळी, चंपाषष्ठी, संक्रांत, पाडवा. सणांनीच दोर वळलाय माझा. मेंढरू खुंट्याला बांधलेलं असलं तर ओढ तरी घेतं. लळा लावलेलं कोकरू मोकळं सोडलं तरी दारातच बसतं. तसं झालंय माझं.

मला बानाबाई पाहिजे. एवढंच आहे. इतके दिवस तुराट्या, माळ, वाडगं, वास असलं काहीबाही लिहीत बसलो. ते सगळं असूनही ती नसती तर मी गाव मागितलं नसतं. आणि हे असलं कधी कवितेत वाचलं नाही म्हणून मला नीट मागताही आलं नाही.

परवा जाणार. विचारणार नाही.

१५ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

हे संध्याकाळी लिहितोय. जसं घडलं तसं.

अजिनाथ पहिल्या शिफ्टला गेला. शीलानं जाताना तीळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "मामा, आज दुपारी घरीच असा हं. कुठं जाऊ नका." मी हो म्हणालो. खोटं बोललो. फेटा घडी करून खोक्यावर ठेवला, आपली टोपी घातली. गुडघ्याचं तेल पिशवीत घेतलं. अजिनाथला चिठ्ठी लिहावी म्हणून बसलो, पण पहिल्याच ओळीला यमक जुळू लागलं, म्हणून फाडून टाकली. डबी बंद केली. घर इतकं गप्प झालं की मला माझाच श्वास ऐकू आला.

रात्री नवा माल येऊन पडला होता. माझ्या खोलीपासून दारापर्यंत खोकी. एकेक सरकवत वाट काढली. अंगात घाम आला. पाठीचे खण फार जड असतात. दाराशी पोचलो, चपला घातल्या, कडी काढली, दार ओढलं.

दारात बानाबाई उभी होती.

काखेत बोचकं, पायाशी पत्र्याची पेटी. लुगडं धुळीनं भरलेलं. तिचा हात बेलकडं गेलेला, पण कुठलं बटण दाबायचं ते कळेना म्हणून तसाच हवेत. किती बारीक झाली होती ती. मला बघून तिनं हात खाली घेतला, पदर सारखा केला.

"अवो, असं काय बघताय? भूत हाय का मी?"

"तू... वर कशी आलीस?"

"जिन्यानं. त्या वर-खाली जानाऱ्या पेटीत कोन शिरतंय? भारत खाली हाय, त्या वॉचमनसंगं बोलतोय. त्याला काम लागलंय हितं, बिल्डिंग राखायचं. अजिनाथनं लावून दिलं." ती धापा टाकत होती. "तुमाला सांगितलं नाय व्हय कुनी?"

"मेंढरं कुणाकडं ठेवली?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. चाळीस वर्षं मी पोरांकडं असं पाहिलंय, उत्तर फळ्यावर लिहिलेलं असतं आणि पोरगं विचारत असतं तेव्हा.

"दिवाळीतच गेली वो. निम्मी मेली, निम्मी खाटकानं नेली. मीच म्हनलं, मास्तरांना सांगू नका, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, रडायचं नसतं."

मी दाराची चौकट धरली. खालून भारतचा आवाज येत होता, फकिराशी मोठ्यानं काहीतरी बोलत होता, गावात बोलायचा तसाच.

"घर?"

"कुलूप लावलं. किल्ली शेजारच्या धोंडिबाकडं. नसती दिली तरी चाललं असतं." मग तिचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. टोपी, चपला, पिशवी. "आन् तुमी कुठं निघाला व्हता? संक्रांतीच्या दिवशी, पोरांच्या माघारी?"

"तुझ्याकडं."

तिचे ओठ हलले. मग माझ्या हातातली पिशवी तिनं काढून घेतली.

"मंग ही काय मी. सरका, आत येऊ द्या. पानी हाय का घरात?"

"आहे. पिंपात."

मी पेटी उचलली. खोक्यांच्या फटीतून ती अंग चोरत आत शिरली, आणि मागं हात करून दार तिनंच लावून घेतलं.